कावीळ आणि फिकेपणा एकत्र दिसला तर

संपादक महोदय,

तान्ह्या बाळाला कावीळ झाली की गळ्यात माळ पडते, बाळ पांढुरके दिसू लागले की लोहाचे थेंब सुरू होतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलात ही दोन्ही लक्षणे असतील, मग ती काही महिन्यांच्या अंतराने का आलेली असेनात, तर एका दुर्मिळ आजाराचा विचार झालाच पाहिजे. जायंट सेल हिपॅटायटिस (यकृताची सूज, ज्यात यकृतात अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसतात) आणि ऑटोइम्यून हिमोलिटिक अॅनिमिया (तांबड्या पेशी फुटल्याने होणारा रक्तक्षय) अशी ही जोडी. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडते आणि यकृतालाही इजा करते.

निदान चुकते ते इथे: तांबड्या पेशी फुटल्यानेही कावीळ होते, म्हणून सगळे खापर रक्तावर फुटते. पण त्या काविळीत बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचा मुख्यतः इनडायरेक्ट प्रकार, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेला, वाढतो. यकृताने प्रक्रिया केलेले डायरेक्ट बिलिरुबिनही चढलेले असेल, एसजीपीटी (यकृताच्या इजेने रक्तात वाढणारे एन्झाइम) शेकड्यांत असेल, लघवीचे पिवळे डाग लंगोटाला लागत असतील, तर यकृतही आजारी आहे. एसजीओटी या दुसऱ्या एन्झाइमवर एकट्यावर विसंबू नये. पेशी फुटल्या की तेही वाढते.

उलट बाजूने, यकृताच्या बालरुग्णाचे हिमोग्लोबिन उतरले आणि रेटिक्युलोसाइट (नव्या, अपक्व तांबड्या पेशी) वाढले तर डायरेक्ट कूम्ब्स चाचणी, म्हणजे तांबड्या पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी तपासणी, लगेच करावी. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले थोडे रक्त पुरते. नमुना शक्यतो रक्त चढवण्याआधी घ्यावा. बाळ अत्यवस्थ असेल तर मात्र नमुन्यासाठी रक्त चढवणे थांबवू नये. एएनए, एसएमए, एलकेएम या स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या या आजारात बहुधा निगेटिव्ह येतात. तेवढ्यावर ‘ऑटोइम्यून नाही’ असे लिहून मोकळे होणे आम्हाला फार धोक्याचे वाटते. यकृताची बायॉप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) निर्णायक ठरते, पण आधी रक्त गोठण्याची क्षमता दाखवणारे आयएनआर आणि प्लेटलेट पाहूनच.

उपचार सहसा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुरू होतो, वजनाच्या दर किलोला रोज सुमारे २ मिलिग्रॅम. जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे अझाथायोप्रिन, दाद मिळाली नाही तर आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) किंवा रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन. डोस उतरवताना आजार बऱ्याचदा डोके वर काढू पाहतो, म्हणून प्रत्येक पायरीला हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एसजीपीटी तपासावे. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजला म्हणून आईवडिलांनी गोळी परस्पर बंद करू नये. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालेल्या शरीराला ते एकाएकी स्वतः बनवता येत नाही. या काळात गोवर-रुबेला, रोटाव्हायरस, तोंडी पोलिओ अशा जिवंत लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. ताप आला, किंवा उलट्यांमुळे औषध पोटात ठरेना, तर बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

— बालयकृतविकारांवर उपचार करणारे डॉक्टर