कूलरवाल्या भाऊंना, नागपूरच्या प्रतापनगरातून

कूलरवाले भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. या दिवसांत तुमचा फोन आधीच दम खाऊ देत नाही, त्यात आणखी भर नको. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण शहाणपणाचे डोसही आम्हाला चारचौघांतच मिळाले होते.

तर्री आणि काजळी या आमच्या मांजरी पिल्लं होती तेव्हापासून एका टोपलीत झोपणाऱ्या, एकमेकींचे कान चाटणाऱ्या. यंदा होळी झाली, माळ्यावरून कूलर निघाला, आणि थोड्याच दिवसांत घरात युद्ध पेटलं. तर्री दबा धरून बसायची आणि काजळी दिसली की अंगावर जायची. फरशीवर काळ्या केसांचे पुंजके. काजळी कपाटाखाली शिरली ती तिथलीच झाली. जेवण तिथं, आणि सांगायला लाज कसली, मुतणंही तिथंच, कारण ट्रेपर्यंत जायची तिची छाती होत नव्हती. बाहेर ४५ अंश आणि घरात कूलर एकच. एकीला त्या खोलीत ठेवलं की दुसरी स्वयंपाकघरात भाजून निघायची.

यावर आम्हाला काय काय ऐकावं लागलं! शेजारीण म्हणाली, दोन सवती नांदवण्यासारखंच आहे हे, एक फुटाळा तलावाकडे सोडून या. एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टोपलीचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की दोन मांजरी एका घरात राहतच नसतात, आणि गुंगीच्या गोळ्या लिहून दिल्या. तिथून परतलेल्या काजळीच्या अंगाला दवाखान्याचा वास. तर्रीनं तो हुंगला आणि तिला ओळखच द्यायला तयार नाही! मांजरांचं सगळं वासावर चालतं. गाल घासून घासून ती घरातल्या सगळ्यांना एकच वास लावून ठेवतात, आणि तो ज्याच्या अंगाला नाही तो परका. हे आम्ही पुढे वाचलं. ज्यांनी ते शिकून पाटी लावली त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फोनवरून सल्ला देणाऱ्या एका बाईंनी आधी फी घेतली, मग भिंतीत खोचायचं महागडं यंत्र घ्यायला लावलं. त्यातून म्हणे मांजरांना शांत करणारा गंध पसरतो. पसरलाही असेल, पण कूलरसाठी समोरची खिडकी सताड उघडी, म्हणजे शांत झाले ते शेजारी.

मग ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कूलरचा पंप बंद पडला आणि तुम्ही आलात.

खरं तर तुमचं काम होतं पंप बदलायचं आणि ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या वूडवूल (लाकडाचे बारीक तंतू) भरलेल्या चौकटी, बघायच्या. तुम्ही मागची ताटी काढलीत, नाकाजवळ नेलीत आणि तोंड वाकडं केलंत. “मॅडम, इथं बोका मुतून राहिला रोज. तोच वास ह्या पंख्यानं आत येऊन राहिला.” मी बघतच राहिले. आम्हाला तो दर्प वूडवूल कुजल्याचा वाटत होता. तुम्ही ताटीच्या खालच्या कोपऱ्यावरचा पिवळट डाग दाखवलात, स्टँडच्या लोखंडावरचे ओघळ दाखवलेत. टाकीतून ठिबकणारं पाणी प्यायला तो यायचा, पिऊन झालं की शेपूट ताठ करून हद्द आखून जायचा. घरातल्या दोघींना दिवसभर असं वाटत असणार की परका बोका खोलीतच आहे. तो तर हाताला लागत नाही, मग समोर जी आहे तिच्यावर राग काढायचा. वड्याचं तेल वांग्यावर. “आमच्या गोदामात मांजरी ठेवाच लागतात, नाहीतर उंदीर वूडवूलमंधी घर करते. म्हणून हा वास आपल्याला पाठ हाय,” असं तुम्ही म्हणालात, आणि जणू काही फारसं झालंच नाही अशा थाटात पंप बसवायला लागलात.

याच गावात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली पशू आणि मत्स्य विज्ञानाचं विद्यापीठही इथंच झालं. अशा नागपुरात आमच्या मांजरींचं दुखणं ओळखलं ते कूलर दुरुस्त करणाऱ्यानं!

पण हे पत्र त्या निदानासाठी नाही. नवा पंप बसला, आता मोटर चालू करून बघायची, एवढंच उरलं होतं. बटणावर हात ठेवून तुम्ही थांबलात. काजळी कपाटाखालून अर्धी बाहेर आली होती, नाक पुढं, पोट जमिनीला टेकलेलं. “आवाज झाला का परत घुसंल ते. येऊ द्या तिला,” म्हणालात. पालथ्या बादलीवर बसलात, तिच्याकडं पाठ करून. फोन वाजत होता. कोणीतरी पलीकडून ओरडत होतं, ते मलाही ऐकू येत होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “थांबा ना बाप्पा थोडे, इथं एक पेशंट हाय.” काजळी भिंतीच्या कडेकडेनं निघाली, तुमच्या चपलेचा वास घेतला, मधेच बसून पंजा चाटला, आणि कोणतीही घाई न करता स्वयंपाकघरात गेली. मी दार लावलं, तेव्हा कुठं तुम्ही बटण दाबलंत.

सगळं शहर तुमच्या नावानं घामाघूम होऊन बसलेलं असताना एका मांजरीसाठी तुम्ही बादलीवर बसून राहिलात. सासूबाई त्या दिवसापासून म्हणतात, ज्याला खरी घाई असते त्याच्याकडंच वेळ असतो, रिकामटेकड्यांना कधीच नसतो. मला त्यांचं सहसा पटत नाही, हे मात्र पटलं. दवाखान्यात आम्हाला एसी होता, बसायला सोफा होता, कोणी आमच्या मांजरीकडं बघितलं नाही एवढंच.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. जुन्या ताट्या फेकल्या, स्टँड घासून काढलं, मागं जाळी बसली. दोघींना काही काळ बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू घातलं आणि एकीच्या गालावरून फिरवलेलं फडकं दुसरीच्या ताटलीखाली ठेवत गेलो. आता तर्री कूलरसमोर आणि काजळी कपाटाच्या वर, पण खोली एकच. टोपली एक होईल की नाही, देव जाणे. फिसकारणं अजून होतं, पण ते तुसड्या नातेवाईकांचं असतं तेवढंच. बोक्यासाठी सासूबाई फाटकाशी मातीच्या परळात पाणी ठेवतात. लठ्ठ गालांचा, एका कानाचा तुकडा गेलेला, मोठा रुबाबदार आहे. त्याची नसबंदी करून आणायची आहे, पकडायला कोणी मिळालं की.

एक काम होतं. नंदनवनला सासूबाईंच्या भावाकडं कूलर नुसता घरघरतो, वारा देत नाही. सवडीनं जाऊन बघाल का? त्यांच्याकडं कुत्रा आहे. काही करत नाही, असं ते म्हणतात.

तुमची,
प्रतापनगरची मांजरवाली मॅडम