गच्चीवरील डिश अँटेना : पावसाळ्याआधी वाचावे

सर्व सभासदांस नमस्कार.

डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत उपग्रह टीव्ही सेवा) बसवायची असल्यास जागा नीट निवडा, ही कळकळीची विनंती. ही सेवा जीसॅट-१५ उपग्रहावरून (९३.५ अंश पूर्व) मिळते. नाशिकहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश उंच आहे. तेवढी दिशा मोकळी हवी. आपली डिश ऑफसेट प्रकारची (सिग्नल टिपणारा भाग मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली) असते, त्यामुळे ती नेमकी बसली तरी बरीच उभी दिसते. 'वाकडी आहे' म्हणून कोणी ती हलवू नये! पाण्याच्या टाकीच्या किंवा वाढत्या गुलमोहराच्या आड मुळीच लावू नका. आज दिसणारे चित्र श्रावणात पाने दाटली की जाते.

स्लॅबला भोके पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटले की वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते. पाइप कठड्याला क्लॅम्पने घट्ट आवळा. एलएनबीजवळचा (डिशसमोरच्या दांड्यावरील सिग्नल टिपणाऱ्या भागाजवळचा) कनेक्टर टेपने गुंडाळा आणि केबलला तिथे खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी आत न जाता खाली ठिबकते. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ गेले तर डिशला हात लावू नका, सर ओसरली की येते.

दूरदर्शनचे जुने ॲल्युमिनियम अँटेना आता निरुपयोगी आहेत. ज्यांचे आहेत त्यांनी ते पावसाळ्यापूर्वी उतरवावेत.

– सचिव