शिकागोच्या ताई, खूप खूप थँक्यू (जरा लांबलंय)

ताई, हे मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आवाजाच्या लहरींनी ब्रेन कॅन्सर जातो असा तो व्हिडिओ बघून आमच्यासारखी अजून किती घरं धावाधाव करत असतील देव जाणे.

दादाचा ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ, परत आला आणि लगेच फॅमिली ग्रुपवर "आवाजाच्या लहरींनी ब्रेन कॅन्सर गायब" असला व्हिडिओ फॉरवर्ड, मग काय, पासपोर्ट, व्हिसा, नाशिकचा फ्लॅट विकायचा का इथपर्यंत बोलणी गेली, आणि वहिनीच्या मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. तुम्ही ना या लहरींच्या उपचाराच्या ट्रायलमधल्या (पेशंटवरच्या चाचणीतल्या) ना आमच्या नात्यातल्या, तरी ड्यूटी करून आल्यावर तासभर बोललात!

लहरी गाठ जाळत नाहीत, फक्त औषधाला वाट करून देतात, हे पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बरीचशी केमो पलीकडे जातच नाही. मग शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, ऑपरेशनमध्ये कवटीत बसवलेल्या यंत्रातून अल्ट्रासाऊंड द्यायचा, बुडबुडे थरथरतात आणि त्या फटी उघडतात. चारेक मिनिटांचं काम, तेही पेशंट जागा असताना. तासाभरात बरंचसं परत बंद, म्हणून केमो लगेच चढवायची.

तुमच्या शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या २०२३ च्या ट्रायलमध्ये १७ पेशंट होते, लहरी न देता पोचतं त्यापेक्षा मेंदूत पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध जवळजवळ चौपट आणि कार्बोप्लॅटिन हे दुसरं औषध सहापटीच्या आसपास पोचलं, हे ऐकून आई रडायलाच लागली. आणि तेव्हाच तुम्ही स्पष्ट बोललात की औषध जास्त पोचलं हे खरं, पण त्याने माणूस जास्त जगतो का हे ठरवायला ती ट्रायल नव्हतीच, डोस किती झेपतो आणि धोका किती एवढंच बघायचं होतं. गोड बोलून फोन ठेवणं सोपं होतं. त्याऐवजी दादाचे रिपोर्ट मागून घेतलेत आणि इथल्या डॉक्टरांना काय विचारायचं तेही लिहून दिलंत, परत ऑपरेशन होण्यासारखं आहे का, एमजीएमटीचा (नेहमीची केमो गाठीवर कितपत चालेल याचा अंदाज देणाऱ्या जनुकाच्या तपासणीचा) रिपोर्ट काय म्हणतो. ओपीडीत पहिल्यांदाच आम्ही नुसती मान न हलवता काहीतरी विचारलं.

त्या १७ जणांनाही थँक्यू बरं का. आजार उलटलेला, फायद्याची गॅरंटी कुणी दिलेली नाही, तरी डोक्यात यंत्र बसवून घेतलं.

फ्लॅट विकला नाही, उपचार नाशिकलाच चालू आहेत. दादाला तुमच्याशी बोलायचंय, त्या यंत्राला बॅटरी असते का आणि चार्ज कसं करतात असलं सगळं विचारणारे, इंजिनिअर आहे, सोडायचा नाही. रविवारी तुमच्या सकाळी फोन केला तर चालेल ना?