संदर्भ द्या, पण वाचून द्या

महोदय,

प्रबंध तपासायला आला की मी आधी शेवटची पाने उघडते. संदर्भसूचीत नाव, वर्ष, स्वल्पविराम सगळे जागच्या जागी असते. मूळ लेख काढून पाहावा, तर ज्या विधानासाठी त्याचा संदर्भ दिला, ते विधानच त्यात नसते. दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ जसाच्या तसा उचललेला, मुद्रणदोषासकट! मूळ लेख हाती लागला नसेल, तर तो ज्याच्या लेखनातून कळला त्याचा स्पष्ट उल्लेख करावा; एपीए शैलीत, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भ देण्याच्या पद्धतीत, तशी सोय आहेच. शब्दशः अवतरणाला पृष्ठक्रमांक हवाच. आता तर चॅटबॉट अस्तित्वातच नसलेले लेख डीओआय क्रमांकासह (म्हणजे लेखाच्या ऑनलाइन ओळखक्रमांकासह) रचून देतात. तो क्रमांक उघडून पाहायला कितीसा वेळ लागतो? मार्गदर्शकांनी सही करण्यापूर्वी निदान चार-पाच संदर्भ विद्यार्थ्याला समोर बसवून उघडायला लावावेत.

– एक प्रबंध-परीक्षक