वैशे, त्या हळदीच्या कॅप्सूलबद्दल

प्रिय वैशे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, व्हॉइसवरच उत्तर दिलं असतं तर अर्धं राहिलं असतं म्हणून लिहून पाठवतेय. अभीच्या स्किझोफ्रेनियावरून काकूंना आलेलं ते फॉरवर्ड, स्किझोफ्रेनिया म्हणजे मेंदूची सूज (फुगणं नव्हे, इम्युनिटी चेतल्यावर होणारी जळजळ, इन्फ्लमेशन), हळदीच्या कॅप्सूलनी सूज घालवा की आजार गेला, ते धडधडीत खोटं असतं ना तर बरं झालं असतं. अर्धं खरंय तीच कटकट आहे.

आता खरं किती ते बघ. हिपॅटायटिस सीला पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, इम्युनिटी चेतवायला, म्हणजे सूजही वाढायची, आणि घेणाऱ्यांपैकी साधारण चारात एकाला चक्क डिप्रेशन यायचं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या बाजूला हजारो मुलं जन्मापासून अभ्यासात आहेत, त्यात नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात आयएल-६ (सुजेच्या वेळी वाढणारं प्रथिन) जास्त होतं त्यांना अठराव्या वर्षी डिप्रेशन आणि सायकोसिस (भास-भ्रम) जास्त दिसलं. मग २०१६ मध्ये अमेरिकेत सी४ नावाच्या जीनचा धागा सापडला. सी४चं काम जंतूंवर खूण करायचं, पण मेंदूत ते पेशींमधल्या जोडण्यांवर पण खूण करतं आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी येऊन त्या जोडण्या खाऊन टाकतात. वयात येताना ही छाटणी सगळ्यांचीच होते, स्किझोफ्रेनियात बहुतेक जरा जास्तच होते, आणि बघ ना, अभीचं पण सगळं कॉलेजच्या वयातच सुरू झालं.

पण मग सुजेवरची औषधं देऊन पाहिली तर? २०१३ मध्ये अटलांटात औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या ६० जणांवर इन्फ्लिक्सिमॅबची ट्रायल झाली, हे संधिवाताला देतात ते, एकूणात प्लासिबोपेक्षा (बिनऔषधाच्या डोसपेक्षा) काहीच सरस नाही, फक्त ज्यांचं सीआरपी, म्हणजे रक्तातलं सुजेचं माप, ५ च्या वर होतं त्यांना फायदा झाल्यासारखा वाटला. स्किझोफ्रेनियात ब्रिटनमध्ये मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक वर्षभर देऊन बघितलं, फरक शून्य. म्हणजे सूज काहींच्यात आहे, सगळ्यांच्यात नाही, आणि असली तरी ती कारण आहे की नुसती सोबत आलीय हे वेगळंच प्रकरण.

फॉरवर्डमधली ती "आठ दिवसात बरी झालेली मुलगी" मला वाटतं एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसची असणार, म्हणजे आपलीच इम्युनिटी मेंदूवर उलटते तो आजार. २००७ मध्ये डाल्माऊ आणि मंडळींनी शोधलेला आजार, जास्त करून तरुण मुलींना, कधीकधी ओव्हरीतल्या गाठीमुळे, थोड्याच दिवसात भ्रम, फिट्स, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठ. त्यात स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडीजचं इंजेक्शन) दिलं, गाठ काढली तर बहुतेक जण सुधारतात (आठ दिवसात नाही हं, महिने जातात). अभीचं इतक्या वर्षांचं, हळूहळू वाढलेलं, फिट नाही काही नाही. डॉक्टरांना एकदा विचार हवं तर, पण काकूंना आशा लावू नकोस.

आणि हे नीट वाच. अभी क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियाचं औषध) आहे ना? मोठं इन्फेक्शन झालं, ताप आला की लिव्हर हे औषध हळू फोडतं आणि रक्तातली पातळी चढते, त्यामुळे ताप आला की क्रोसिन देऊन गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शिवाय या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात का ते पण बघावं लागतं. सिगरेट एकदम सोडली तरी पातळी चढते! सोडायलाच पाहिजे, पण डॉक्टरांना सांगून. सुजेचं इतकं मनावर घेतलंच आहेस तर खरा उपयोग इथे आहे बघ.

सीआरपी आमच्या लॅबमध्ये करून घेऊ म्हणतेस, पण वजन, सिगरेट, हिरड्या सुजलेल्या, कशानेही ते वाढतं, आकडा बघून काकू उगाच घाबरतील. त्यापेक्षा शुगर आणि लिपिड करू, वजन बरंच वाढलंय त्याचं.

हळद भाजीत घालतात तेवढी घालू दे, त्या मिरीवाल्या कॅप्सूल मात्र बंद, त्यांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. आणि अभीच्या गोळ्या बंद करायचा विषय घरात निघालाच तर मला लगेच फोन कर, रात्री पण चालेल. काकूंशी मी रविवारी बोलते, माझं ऐकतात त्या.

तुझी,
अंजू