मनोऱ्यांसोबत परावर्तक पृष्ठभागही तपासावेत

महोदय,

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, तेव्हा वरच्या खोऱ्यांत पडायचा तो पाऊस पडून गेलेला असतो. त्यामुळे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत पर्जन्यमापक आणि बंधाऱ्यांवर पातळीमापक वाढवावेत, ही मागणी योग्यच आहे. मात्र डोंगराआडच्या या उपकरणांचे बिनतारी संदेश मनोऱ्यापर्यंत पोहोचणार कसे, याची चर्चा होत नाही.

अडचण केवळ अंतराची नाही, गर्दीचीही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने '५जी'साठी चौरस किलोमीटरला १० लाख उपकरणांचे उद्दिष्ट ठेवले होते; '६जी'च्या २०२३ मधील आराखड्यात ते १० लाख ते १० कोटी असे आहे. ही उपकरणे क्वचित आणि थोडेच बोलतात. प्रत्येकाने आधी मनोऱ्याकडे परवानगी मागायची म्हटले तर ती विचारपूसच मूळ संदेशापेक्षा मोठी होते, आणि न विचारता सारी एकदम बोलली तर संदेश एकमेकांवर आदळतात.

यावर संशोधक सुचवत असलेला एक उपाय म्हणजे नियंत्रित परावर्तक पृष्ठभाग. त्यावरील शेकडो लहान घटकांपैकी प्रत्येकावरून परतणाऱ्या रेडिओ लहरीची कला (म्हणजे तिच्या चढउताराची स्थिती) डायोडच्या साह्याने बदलता येते आणि साऱ्या घटकांच्या कला जुळवल्या की लहरी हव्या त्या दिशेला एकवटतात. घटक दुप्पट केले की आदर्श स्थितीत पोहोचणारी शक्ती चौपट होते. शिवाय मांडणी बदलत ठेवल्यास प्रत्येक उपकरणाच्या संदेशावर निराळा ठसा उमटतो, त्यामुळे एकत्र आलेले संदेश वेगळे करणे मनोऱ्याला सोपे जाते. पृष्ठभाग स्वतः प्रक्षेपण करत नसल्याने वीजही थोडीच लागते.

तथापि हा सर्व रोगांवरचा काढा नव्हे. लहर उपकरणापासून पृष्ठभागापर्यंत आणि तिथून मनोऱ्यापर्यंत अशा दोन टप्प्यांत क्षीण होते आणि त्या घटींचा गुणाकार होतो. म्हणून पृष्ठभाग मनोऱ्याच्या किंवा उपकरणांच्या जवळच हवा, मधल्या टेकडीवर तो जवळजवळ वाया जाईल. आपल्याकडे परवानामुक्त असलेल्या ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास लहरलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते, म्हणजे अर्ध्या लहरलांबीच्या अंतराने मांडलेल्या १६ बाय १६ घटकांचा पृष्ठभाग पावणेतीन मीटर लांब-रुंद होईल. गगनबावड्याच्या वाऱ्यापावसात तो टिकवणे हेच एक स्वतंत्र काम आहे!

म्हणूनच नवे मनोरे मंजूर करण्यापूर्वी शिवाजी विद्यापीठ आणि जलसंपदा विभागाने कुंभी नदीच्या खोऱ्यात एक पृष्ठभाग पूर्ण पावसाळाभर उभारून, त्याच्यासह आणि त्याच्याविना किती संदेश पोहोचले याची नोंद जाहीर करावी, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर