नक्षीकार कसा घडतो, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत जिल्ह्यातल्या कलावंतांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत मोठे चित्रकार झाले, ते त्यात होते. शाहीर राम जोशी होते, फैय्याजबाई होत्या, जेऊरचे नागराज मंजुळे होते. अभिमान वाटला. पण ज्या चादरीने सोलापूरचे नाव घरोघरी नेले, तिच्यावरचा मोर कोणी काढला, तो माणूस कुठे शिकला, शिकताना त्याचे घर कसे चालले, यावर एक ओळही नव्हती. म्हणून लिहायला बसलो.

मी साखर पेठेत राहतो. एकेचाळीस वर्षे जेकार्डची, म्हणजे मागावर कापडातच नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठीची, नक्षी काढली. आमचे आजोबा तेलंगणातून मागाच्या कामासाठी इथे आले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मागाला आम्ही घरी अजून मग्गमच म्हणतो. वडील हातमागावर, आई विड्या वळायची. १९७१ साली सातवीनंतर मी कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायला बसलो. त्या वेळी आमच्या गल्लीतल्या बहुतेक पोरांची सुरुवात कांडीपासूनच होई. कांडी नीट भरता आली की तुटलेला धागा जोडायला देत, ते जमले की ताण्याचे, म्हणजे उभे धागे मागाच्या वईतून आणि फणीतून ओवायला, आणि मग कधीतरी मागावर बसायला मिळे. ही शिडी कोणी कागदावर लिहिली नव्हती, पण प्रत्येक पायरीवर थोडी का होईना मजुरी हातात पडायची. गरिबाचे पोर शिकू शकले ते त्यामुळे.

नक्षीकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. जेकार्डमध्ये बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यामागे एक पुठ्ठा लागतो. पुठ्ठ्याला जिथे भोक असेल तिथला आकडा, म्हणजे ताण्याचा धागा धरणारा हुक, वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चारशे धाग्यांची नक्षी असेल तर चारशे पुठ्ठे क्रमाने दोऱ्यात ओवून त्यांची माळ करायची. मी सतरा वर्षांचा असताना ओवलेल्या एका माळेत दोन पुठ्ठ्यांची अदलाबदल झाली. मोराच्या मानेवर दर वेळी एक आडवी रेघ उमटू लागली, आणि ती कोणाच्या लक्षात येईपर्यंत बारा चादरी विणून झाल्या होत्या. मालकांनी मजुरी कापली. मास्तर मात्र रागावले नाहीत. नक्षी काढणाऱ्याला आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो. त्यांनी सगळी माळ उसवायला लावली, ग्राफचा कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "आता एकेक पुठ्ठा वाचत ओव." रात्रीचे दोन वाजले. ते शेजारी बसून राहिले. त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की भोकांच्या त्या रांगांमध्ये मोराची मान आहे, पिसाऱ्यातला डोळा आहे, आणि ते वाचता येते.

पुढची सहा वर्षे दिवसा माग आणि रात्री मास्तरांचे घर. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने फूल काढायचे, मग त्याची वळणे चौकोनांत मोडायची. गोल पाकळीचे चौकोन केले की कडेला पायऱ्या दिसतात. त्या डोळ्याला खुपू नयेत म्हणून कुठे एक चौकोन भरायचा आणि कुठे सोडायचा, हे मास्तर बोटाने दाखवत. शिवाय आमच्या चादरीला उलटी बाजू नाही. कापड दुहेरी, त्यामुळे एका अंगाला पांढऱ्यावर लाल दिसते तेच दुसऱ्या अंगाला लालवर पांढरे. म्हणजे फूल काढताना फुलाभोवतीची मोकळी जागासुद्धा फुलाइतकीच देखणी हवी. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही. मास्तरांनी एका जुन्या चादरीचे टोक उलटून दाखवले, तेवढाच आमचा धडा. फी म्हणून त्यांनी एक रुपयाही घेतला नाही. मात्र त्यांचे पंचिंगचे, म्हणजे पुठ्ठ्यांना भोके पाडायचे काम मी करायचो, आणि त्याचे पैसे ते मला द्यायचे, हे मुद्दाम सांगतो. तेविसाव्या वर्षी माझी स्वतःची पहिली नक्षी मागावर चढली तेव्हा आई विड्यांचे सूप बाजूला ठेवून कारखान्यात बघायला आली होती.

एवढे सगळे सांगण्याचे कारण असे की ही शिडी आता मोडली आहे. संगणकावर नक्षी होते याबद्दल माझी तक्रार नाही. मीही पन्नाशीच्या आसपास माउस धरायला शिकलो, आणि आठ दिवसांचे काम दीड दिवसात होते हे बघून सुखावलो. पण संगणक चौकोन भरतो, कुठला चौकोन सोडायचा ते त्याला माणसानेच सांगावे लागते. तो माणूस आता घडायचा कुठे? कांड्या मशीनवर भरल्या जातात. मागावर बसणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे. मागाची जाण नसलेली, बाहेरून आणलेली तयार डिझाइने कारखान्यात येतात आणि फुलाची एक बाजू सुरेख, दुसरी विस्कटलेली अशी चादर निघते. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याला मी या धंद्यात ये म्हणालो नाही, कारण शिकण्याची पाच-सहा वर्षे त्याने काय खाल्ले असते, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याला बरीच वर्षे झाली. चांगलेच झाले, त्याने 'सोलापुरी' या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. पण नाव राखले म्हणून हात तयार होत नाहीत. दर वर्षी ७ ऑगस्टला हातमाग दिनी सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळते. माझाही एकदा झाला. त्या दिवशी व्यासपीठावरून मला समोर शिकण्याच्या वयाचा एकही पोर दिसला नाही.

माझी मागणी साधी आहे. इथे विद्यापीठ आहे, आयटीआय आहे, कारखानदारांच्या संघटना आहेत. त्यांनी मिळून दर वर्षी पाच मुलामुलींना निदान दोन वर्षे विद्यावेतन द्यावे, आणि त्यांना वर्गात न बसवता जाणत्या विणकराच्या आणि नक्षीकाराच्या हाताखाली ठेवावे. शिकवणाऱ्यालाही मानधन द्यावे, कारण मास्तरांसारखे फुकट शिकवणे आता कोणाला परवडत नाही. आणि मुलींना यात आधी घ्या. कांड्या आणि गाठी आमच्या बायकांनी आयुष्यभर केल्या, पण ग्राफचा कागद त्यांच्या हातात कोणी दिला नाही. मीही दिला नाही, आणि त्याची मला खंत आहे.

दुसरे म्हणजे, पुठ्ठ्यांचे जुने संच वाचवा. मास्तर गेल्यानंतर त्यांच्या माळ्यावरचे संच घरच्यांनी रद्दीत किलोवर विकले. मला कळले तेव्हा टेम्पो निघून गेला होता. चाळीस वर्षांच्या नक्ष्या होत्या त्या. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा शहर हळहळले होते, या माळा मात्र कोणाला न कळता गेल्या. जे उरले आहे ते एखाद्या कोरड्या खोलीत ठेवून, नक्षी कोणी काढली आणि कोणत्या मागासाठी काढली एवढी चिठ्ठी प्रत्येक संचाला बांधली तरी पुरे.

आपणही पुरवणीत दर रविवारी एका कारागिराला जागा द्यावी, आणि त्याला पुरस्कार किती मिळाले हे विचारण्याआधी तो कोणाकडे शिकला आणि शिकताना घर कसे चालले, हे विचारावे.

माझ्याकडे अकरा संच आहेत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. कोणी मुलगा किंवा मुलगी शिकायला तयार असेल तर मी रोज संध्याकाळी सहानंतर घरीच असतो. चौकटीचा कागद आणि पेन्सिल माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त जेकार्ड नक्षीकार
साखर पेठ, सोलापूर